दंतमज्जेचे रक्षण आणि जैवक्रियाशील सिमेंट

सात-आठ वर्षांच्या मुलाचा नुकताच उगवलेला पुढचा कायमचा दात पडझडीत मोडला, तर हानी दिसते तेवढीच नसते. या वयात दाताचे मूळ अपुरे असते. ते पूर्ण होण्यास आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. मूळ वाढविण्याचे कार्य दातातील मृदू, सजीव मज्जा करते. ती मेली की वाढ खुंटते आणि मुळाच्या पातळ भिंती पुढे सहज भंगतात. म्हणून उघडी पडलेली मज्जा झाकणारा पदार्थ केवळ भोक बुजविणारा असून भागत नाही.

शरीरद्रवाच्या सान्निध्यात जो पदार्थ आपल्या पृष्ठभागी हाडातील खनिजासारखा ॲपेटाइटचा थर निर्माण करतो, त्यास जैवक्रियाशील म्हणतात. लॅरी हेंच यांनी १९६९ साली फ्लॉरिडा विद्यापीठात हाडाशी सांधणारी काच तयार करून या विचाराचा पाया घातला. दंतवैद्यकात महत्त्व पावले ते मात्र एक सिमेंट. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. बांधकामातील पोर्टलंड सिमेंटप्रमाणे यातही कॅल्शियम सिलिकेटे प्रमुख असतात. क्ष-किरणचित्रात ते दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले असते.

पाण्याशी संयोग होताच सिलिकेटांपासून एक घट्ट होत जाणारा गोळा व कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. त्यामुळे पीएच मूल्य १०.२ वरून तीन तासांत १२.५ पर्यंत चढते व सूक्ष्मजंतूंची वाढ रोखली जाते. सुटणारे कॅल्शियम ऊतकद्रवातील फॉस्फेटाशी संयोग पावून ॲपेटाइट बनते. त्याच्या आश्रयाने मज्जेतील पेशी नव्या दंतिनाचा पडदा रचतात. म्हणजे दुरुस्ती सिमेंट करीत नाही; ते दातास स्वतःची दुरुस्ती करण्यास अवसर देते.

मूळ सिमेंटात दोष नव्हते असे नाही. ते घट्ट होण्यास सुमारे पावणेतीन तास लागत, आणि बिस्मथामुळे दात काळवंडे. पुढील काही मिश्रणांत त्याच्या जागी झिर्कोनियम ऑक्साइड योजण्यात आले. येथे एक इशारा आवश्यक आहे : रासायनिक साम्य असले तरी बांधकामाचे सिमेंट वैद्यकीय शुद्धतेचे नसते; ते दातात वापरणे सर्वथा अयोग्य होय. तसेच मेलेली मज्जा कोणतेही सिमेंट जिवंत करू शकत नाही. म्हणूनच मोडलेल्या दाताची तपासणी लांबणीवर टाकू नये.