घारापुरी : मूर्तीकडे नव्हे, गर्दीकडे रोखलेला कॅमेरा

गेटवेहून तासाभराचा जलप्रवास करून, शंभरावर पायऱ्या धापा टाकीत चढून, उरण तालुक्यातील घारापुरीच्या मुख्य लेण्यात जे प्रवासी येतात, त्यांपैकी बहुतेकांची पावले थेट दक्षिण भिंतीतील सुमारे 18 फूट उंच सदाशिवाकडे वळतात. आणि सहाव्या शतकातील अज्ञात शिल्पकारांनी घडविलेली ती तीन मुखे न्याहाळण्यापूर्वीच, जणू शिरस्ताच असावा तशी, त्यांच्याकडे पाठ फिरवून ते स्वतःची छबी टिपून घेतात. माझे छायाचित्र नेमके त्या क्षणाचे असते.

उत्तरेच्या प्रवेशद्वारातील प्रकाश तेव्हा चेहऱ्यांवर येतो. तिपाईस पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते; म्हणून कॅमेरा गुडघ्यावर टेकवून पाव सेकंदाचा अवधी द्यावा, म्हणजे माणसे धुक्यासारखी विरतात आणि पाषाण तेवढा स्थिर राहतो. चेहरा ओळखू येत असल्यास अनुमती अवश्य घ्यावी.

डावीकडील अर्धनारीश्वर आणि उजवीकडील गंगाधर यांच्यापुढे गर्दी क्वचितच रेंगाळते. गेल्या खेपेस एक आजीबाई मात्र, नातू लाँचसाठी हाका मारीत असतानाही, गंगाधरासमोर कितीतरी वेळ बसून होत्या. माझ्या संग्रहातील तेच छायाचित्र मला सर्वाधिक प्रिय आहे.

सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानी ठेवून बेत आखावा.