होट्टलचे खांब, किल्लारीच्या भिंती

देगलूर तालुक्यातल्या होट्टलला गेलेला माणूस सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरील सुरसुंदरींपाशीच रेंगाळतो. मंडपात शिरून मान वर करणारे थोडे. तिथली रचना कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. खांबांवर तुळया, तुळयांवर छत. लोक अशा मंदिरांना सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला आणि होट्टलचे हे काम त्याच्याही आधीचे. या बांधणीत दगडाला दगड धरून राहतो तो चुन्यामुळे नव्हे, वजनामुळे.

ते कसे, हे एका तुळईवरून कळते. समजा, दोन खांबांमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि वरची दगडी तुळई १,३०० किलोची आहे. वजन सारखे वाटले जाते, प्रत्येक खांबावर ६५० किलो. आता डाव्या खांबापासून १ मीटरवर ३०० किलोचा दगड ठेवला, तर त्याचे २०० किलो डावीकडे जातात आणि १०० उजवीकडे. जवळचा खांब जास्त उचलतो. डाव्या टोकाभोवती हिशेब केला की ३०० गुणिले १ आणि १०० गुणिले ३ हे दोन्ही गुणाकार सारखेच येतात. वजन आणि अंतर यांच्या या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात. डावा खांब ८५० किलो पेलतो, उजवा ७५०, बेरीज १,६००. हेच १,६०० किलो डाव्या खांबापासून साधारण १.४ मीटरवर एकवटले असते, तरी खांबांवर तेवढाच भार आला असता. अनेक बलांच्या जागी उभे राहणारे हे एक बल म्हणजे परिणामी बल. खालून तेवढाच रेटा मिळाला आणि आघूर्णेही जुळली, की वस्तू जागची हलत नाही. समतोलाच्या अटी एवढ्याच.

दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र फार कमी. लांब तुळई वाकली की तिच्या खालच्या कडेला ताण येतो आणि तिथूनच तडा जातो. म्हणून खांबाच्या माथ्यावर बाहेर आलेले हस्त बसवतात. तुळईचा मोकळा भाग तेवढाच कमी होतो. छत झाकायचे तर दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा. मात्र वरच्या सगळ्या थरांचा मिळून गुरुत्वमध्य खालच्या दगडाच्या कडेच्या आतच राहिला पाहिजे. मागच्या टोकावर भिंतीचे वजन ठेवले, तर पुढे आणखी सरकता येते. न्यूटनचा ग्रंथ १६८७ चा. त्याच्या कित्येक शतके आधी इथल्या कारागिरांनी हे हातांनी साधले होते.

या रचनेत बहुतेक बले उभी असतात. आडवे बल आले की सगळा हिशेब बदलतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा तेच घडले. जवळपास दहा हजार माणसे गेली. घरांवर फूट-दोन फूट मातीचे माळवद होते. भिंती जाडजूड दिसायच्या, पण आत दगडांचे दोन वेगळे पडदे आणि मध्ये माती-खडीची भर. जमीन आडवी हलली की वस्तू जितकी वजनदार, तितक्याच जोराने ती मागे राहू पाहते. ६० सेंटिमीटर जाड, ३ मीटर उंच एकसंध भिंत मोकळी उभी असेल, तर ती उलथायला तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे आडवे बल लागते. तेव्हा वजन आणि धक्का यांचे परिणामी बल पायाच्या कडेबाहेर पडते. दोन पडदे सुटे झाले की प्रत्येकाची जाडी निम्मी, आणि त्याच्या वजनाचा दहावा हिस्साही पुरतो. जाडी होती, पण ती एकसंध नव्हती. घात झाला तो इथे.

उपाय महागडा नाही. भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा लांब दगड घालायचा. दर ६० सेंटिमीटर उंचीला असे दगड असावेत आणि आडवे अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक १३८२८ सांगते. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरले, तरी दोन्ही पडदे बांधले जातात. नांदेड-लातूरच्या खेड्यांत दगडमातीची घरे अजून आहेत. त्यांतल्या एखाद्या भिंतीला पोट आलेले दिसले, तर वरून गिलावा करून ते झाकू नका; आधी जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवा आणि भिंतीचे दोन्ही पडदे एकत्र बांधून घ्या.