छांदोग्यांतील नद्या



उपनिषदें हा शब्द कानीं पडला कीं सुशिक्षित घरांत बहुधा दोन गोष्टी घडतात. कोणी भक्तिभावानें हात जोडून तो ग्रंथ फडताळांत ठेवून देतो. कोणी, हा पंडितांचा विषय, असें म्हणून त्याची वाट सोडतो. वास्तविक या ग्रंथांतील मोठमोठे सिद्धांत माती, मध, मीठ, वडाचें फळ अशा नित्याच्या वस्तूंवरून सांगितलेले आहेत. त्यांपैकीं नद्यांचा दृष्टांत आज आपण पाहूं. तो समजून घेण्यास भोर आणि वेल्हें या आमच्या मुलखाइतकी सोईची जागा क्वचितच सांपडेल.

सह्याद्रीचा माथा ही पाण्याची वांटणी आहे. वरंध घाटाच्या धारेवर पडलेला पावसाचा एक थेंब पूर्वेस वळला, तर तो नीरेंत येतो, नीरा-नरसिंगपूर येथें भीमेस मिळतो, आणि पुढें कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास जातो. त्याच्या शेजारचा थेंब पश्चिमेस घसरला, तर शिवथरच्या दरींतून सावित्रीच्या खोऱ्यांत उतरून अरबी समुद्रास मिळतो. समर्थांनीं दासबोध रचला असें परंपरा सांगते, ती शिवथरची घळ याच उतारावर आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं ती १९३० सालीं शोधून काढली. वेल्ह्याकडे तोरणा व राजगड यांच्या कुशींतील कानंदी आणि गुंजवणी, तशीच १९२८ सालच्या भाटघर धरणानें अडविलेली वेळवंडी, या सर्व अखेरीस नीरेच्याच होतात. तेथून पुढें त्यांचीं नांवें कोणी घेत नाहीं.

आतां उपनिषदाकडे वळूं. छांदोग्य हें सामवेदाचें उपनिषद. त्याचे आठ अध्याय असून सहाव्यांत उद्दालक आरुणि व त्याचा पुत्र श्वेतकेतु यांचा संवाद आहे. श्वेतकेतु बाराव्या वर्षीं गुरुगृहीं गेला आणि चोविसाव्या वर्षीं सर्व वेद पढून, पण मोठा गर्विष्ठ होऊन परतला. जें एक जाणलें असतां सर्व जाणलें जातें, तें तूं विचारून घेतलेंस काय, या पित्याच्या प्रश्नावर तो निरुत्तर झाला. मग बापानें मुलास शिकविण्यास आरंभ केला. त्यानें एकामागून एक दृष्टांत दिले आणि नऊ वेळां एकच निष्कर्ष सांगितला. तोच तत्त्वमसि या नांवानें प्रसिद्ध असलेला महावाक्याचा उपदेश. या विश्वाचें मूळ जें सत्, तेंच तुझें स्वरूप आहे, असा त्याचा सरळ आशय.

या दृष्टांतांपैकीं दुसरा नद्यांचा. त्यांत पूर्ववाहिनी व पश्चिमवाहिनी अशा दोन्ही नद्यांचा उल्लेख आहे, हें आम्हां घाटमाथ्याच्या लोकांस विशेष वाटतें. शंकराचार्य स्पष्टीकरण करतात कीं, मेघांनीं समुद्रांतून उचललेलें पाणीच पावसाच्या रूपानें नद्यांत येतें व पुन्हां समुद्रास जातें. पण येथें एक बारकावा आहे. नदी समुद्रास मिळाली कीं मुक्त झाली, असें उद्दालक म्हणत नाहीं. तिला मी अमुक नदी हें भान राहत नाहीं, आणि त्याचप्रमाणें प्राणी सत्पासून येतात तरी आपण तेथून आलों हें त्यांस ठाऊक नसतें, एवढेंच तो म्हणतो. त्यापूर्वीं मधाच्या दृष्टांतांत त्यानें सांगितलें आहे कीं, सत्स मिळूनही न जाणणारे प्राणी वाघ, सिंह, लांडगा, डुक्कर असे जे होते तेच पुन्हां होतात. भाष्यकार याचा संबंध गाढ निद्रेशीं जोडतात. रोज रात्रीं आपण त्या समुद्रास भेटतों आणि सकाळीं तोच राग, तोच लोभ घेऊन उठतों.

नद्यांचाच दृष्टांत मुंडकोपनिषदाच्या अखेरीस पुन्हां येतो. तेथें मात्र नामरूप टाकून समुद्रांत जाणाऱ्या नदीची उपमा जाणत्या पुरुषास दिली आहे. उपमा एक, परंतु एकीकडे अज्ञान आणि दुसरीकडे मोक्ष. हा भेद कशानें पडला? जाणण्यानें. पाणी दोन्ही ठिकाणीं तेंच आहे. नवें कांहीं मिळवावयाचें नसून जें आहे तें ओळखावयाचें आहे.

येथें एक खरी शंका उभी राहते, आणि घरांतील माणूस गेलें असतां ती फार बोंचते. नांव व रूप गेलें, तर आमच्या माणसाचें उरलें काय? ही शंका आजची नव्हे. बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य पाण्यांत विरघळलेल्या मिठाच्या खड्याची उपमा देऊन, गेल्यावर विशेष जाणीव उरत नाहीं असें सांगतो, तेव्हां मैत्रेयी स्पष्ट म्हणते कीं, आपण मला गोंधळांत टाकलें. याज्ञवल्क्य तिला खोटा धीर देत नाहीं. जेथें दोन असतात तेथें एक दुसऱ्यास पाहतो व ऐकतो. जेथें सर्व आत्माच झालें तेथें कोण कोणास पाहणार, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. शोक करणाऱ्यास हें उत्तर लगेच पटेल, असें मी म्हणणार नाहीं. परंतु विझून जाणें आणि मर्यादा गळून पडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें त्यावरून निश्चित कळतें.

आचार्यांतही येथें एकमत नाहीं. शंकराचार्य जीव व ब्रह्म यांचें पूर्ण ऐक्य मानतात. रामानुजाचार्यांच्या मतें जीव हें ब्रह्माचें शरीर आहे. मध्वाचार्य तर तें वाक्यच अतत् त्वम् असि असें फोडून, नदी व समुद्र समुद्रांतही भिन्नच राहतात, असें प्रतिपादन करतात. सूज्ञ वाचकानें तिन्ही मतें ऐकावीं.

मग सामान्य गृहस्थानें करावें काय? त्याचें उत्तर उद्दालकाच्याच दुसऱ्या दृष्टांतांत आहे. डोळे बांधून गांधार देशांतून आणलेला मनुष्य रानांत सोडला, तर तो दिशाहीन ओरडत राहील. कोणी त्याची पट्टी सोडून, गांधार या बाजूस, असें सांगितलें, म्हणजे तो गांवोगांव विचारीत घरीं पोंचतो. श्रावणांतल्या धुक्यांत घाट उतरणाऱ्यास हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. वाट दाखविणारा डोळे मोकळे करतो. चालणें ज्याचें त्यास.

आणखी एक. याच छांदोग्याच्या पांचव्या अध्यायांत कर्मानुसार नीच योनि मिळण्याचें वचन असून त्यांत चांडाळाचें नांव कुत्र्याच्या व डुकराच्या पंक्तीस घातलेलें आहे. तें झांकून ठेवूं नये. पण चौथ्या अध्यायांत, गोत्र ठाऊक नाहीं असें खरें सांगणाऱ्या सत्यकाम जाबालास गुरूनें जवळ केलें, तेंही याच ग्रंथांत आहे. आणि सहाव्याचा उपदेश कोणा एका जातीच्या सत्चा नाहीं. सर्वांचें मूळ एक आहे असें म्हणावयाचें आणि शेजाऱ्याच्या हातचें पाणी नाकारावयाचें, हें दोन्ही एका तोंडीं शोभत नाहीं.

बारा वर्षांच्या अध्ययनानें श्वेतकेतूचा गर्व वाढला. मीठ घातलेल्या पाण्याच्या भांड्यानें तो उतरला. उपनिषद् वाचून आपला गर्व किती उतरला, हेंच तें समजल्याचें गमक मानावें.