मोफत मालिश, महागडी पिशवी

हळदीचे पैसे हातात आले की आपल्याकडं दोन माणसं हमखास येतात. एक उधारी मागणारा आणि दुसरा काहीतरी विकणारा. उधारीवाल्याचं नाव-गाव तरी आपल्याला ठाऊक असतं. आज बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल. त्यातही जो आधी आपल्या अंगाला हात लावतो, पाय चेपतो, चेहरा चोळून देतो आणि मग पिशवीतून डब्या काढतो, त्याच्याबद्दल.

हा विषय आमच्या डोक्यात आला तो आमच्याच गटातल्या एका मावशींमुळं. त्यांचे गुडघे दुखतात. तालुक्याच्या गावी एक मोफत मालिश केंद्र निघालं होतं. गरम गाद्यांवर झोपायचं, खालून गोळे फिरतात, अर्धा तास पाठ शेकून निघते. एक रुपया लागत नाही. एसटीचं अर्धं तिकीट, त्यामुळं मावशी रोज जाऊ लागल्या. तिथली पोरं त्यांना 'आई' म्हणायची, चप्पल सरळ करून ठेवायची, पाणी द्यायची. एकवीस दिवस झाले. बाविसाव्या दिवशी त्यातलाच एक जण शेजारी येऊन बसला. "आई, आता तुमची गादी नोंदवू का? हे केंद्र पुढच्या महिन्यात हलणार आहे, मग तुमचे गुडघे पुन्हा धरतील." किंमत १८ हजार. मावशींनी कनवटीला होते ते २ हजार काढून दिले आणि उरलेल्या १६ हजारांसाठी गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज ठेवला.

आम्ही विचारलं, मावशी, गादी हवीच होती का? त्या म्हणाल्या, "हवी नव्हती गं. पण इतके दिवस फुकट झोपले, पोरं आई-आई करतात, नाही कसं म्हणू?"

सगळा धंदा चालतो तो या एका वाक्यावर. आवळा देऊन कोहळा काढणं आपल्या जुन्या माणसांना माहीत होतं. आपण कुणाच्या घरी चहा प्यालो तर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, वाटीत साखर आली तर वाटी रिकामी परत करत नाही. ही आपली चांगली सवय आहे. विकणाऱ्यानं नेमकी तीच धरलेली असते. त्यात ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याचे पाय चेपले, तिचे पाय कुणी चेपले की ती अर्धी विरघळलेलीच असते. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते अशा वेळी फार खरं ठरतं.

हे फक्त खेड्यातल्या बाईलाच फसवतं असं समजू नका. समुद्रात आठ-आठ दिवस फिरणारी मोठी प्रवासी जहाजं असतात. आता मुंबईहूनही अशी जहाजं गोव्याकडं जातात. त्यांच्यावर मालिशची दालनं असतात. पुष्कळ जहाजांवर ती वेगळ्या कंपन्या चालवतात आणि तिथल्या मुलींना विक्रीवर कमिशन असतं. लाखो रुपयांचं तिकीट काढून आलेल्या बायकांनाही तिथं हाच अनुभव येतो. मालिश संपते, बाई अजून सुस्तावलेली असते, अंगावर टॉवेल असतो आणि समोर एक कागद येतो. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा. त्यावर तेल, मीठ, क्रीम यांच्यापुढं खुणा केलेल्या. "तुमच्या शरीरात विषारी द्रव्यं साठलीत, हे घरी लावावं लागेल." विषारी द्रव्य कोणतं, ते मोजलं कशानं, हे कुणी सांगत नाही. शरीरातली घाण काढायला देवानं मूत्रपिंडं आणि यकृत दिलंय, ते काम तळपायाला चोळलेलं मीठ करत नाही.

जहाजावरचा तो कागद आपल्या ब्युटी पार्लरमध्येही येतो, फक्त तोंडी येतो. लग्नसराईत भुवया कोरायला म्हणून ४० रुपये घेऊन गेलेली मुलगी खुर्चीत मागं रेलून बसते. "ताई, किती टॅन झालंय. ताई, वांग दिसायला लागलेत. सासरी काय म्हणतील?" आधी मन दुखवायचं आणि मग त्यावरचं औषध विकायचं. आणि त्या औषधात काय, तर हळद! ज्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती पिकवणाऱ्या, शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या बाईलाच चिमूटभर हळदीचा फेसवॉश शेकड्यांनी रुपये घेऊन विकायचा. आम्हाला तर याचं हसूच येतं.

मात्र त्या पार्लरमधल्या मुलीवर आम्ही राग धरत नाही. तीही कुणाची तरी लेक आहे. तिचा पगार तुटपुंजा असतो, महिन्याला इतक्या डब्या खपल्याच पाहिजेत असं तिला सांगितलेलं असतं. म्हणून नाही म्हणताना तिचा अपमान करायची गरज नाही. पण तिचं टार्गेट पुरं करणं ही आपली जबाबदारी नाही.

पैसे गेले तर एक वेळ भरून येतील. पण काही वेळा त्याहून मोठं काही जातं. ही गोष्ट आपल्या शेजारची, अकोल्याची आहे. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. एक कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि तिची बहीण, तिघी एकच गोरं करणारी क्रीम लावत होत्या. रंग उजळला, लोकांनी कौतुकही केलं. नंतर तिघींच्याही मूत्रपिंडांना आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या देशातल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून जास्त चालत नाही. या क्रीममधला पारा त्याच्या कितीतरी पट होता.

पारा का घालतात? कातडीत जो काळसर रंग तयार होतो, तो पारा अडवतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. पण तो कातडीतून आत रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिनं जायला लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि पायांवर सूज दिसते. पोटातल्या बाळालाही पाऱ्याचा धोका असतो. दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी क्रीममध्ये मिसळून दिली जातात. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत होतो, मग कातडी पातळ पडते, लव वाढते, आणि क्रीम बंद केली की चेहरा लाल होऊन आग होते. बाई घाबरून पुन्हा तीच डबी आणते. तुमच्यापैकी कुणी अशी क्रीम लावत असेल आणि वरची लक्षणं असतील, तर लाजू नका. ती डबी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा, लघवी तपासून घ्या आणि क्रीम कशी बंद करायची ते डॉक्टरांनाच विचारा.

म्हणून डबी हातात आली की आधी उलटी करून बघायची. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, परवाना नंबर, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, वजन, आणि सगळ्या करांसह कमाल किंमत. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी नंबर. अक्षरं बारीक आणि इंग्रजीत असतात, तर शाळेत जाणाऱ्या नातीला वाचायला लावा. बिनलेबलची डबी, "आमच्या मॅडम स्वतः बनवतात" म्हणून हातात दिलेली, ती कितीही स्वस्त असली तरी परत द्यायची.

आणखी एक प्रकार गावात वाढलाय. मोफत संपूर्ण शरीर तपासणी. हातात एक धातूची दांडी धरायला देतात, मिनिटभरात लॅपटॉपवर वीस पानांचा रिपोर्ट येतो. कॅल्शियम कमी, यकृत सुस्त, रक्त घट्ट. आणि त्याच टेबलाखालून चूर्ण निघतं. बायांनो, दांडी धरून कॅल्शियम मोजता येत नाही. त्याला रक्तच काढावं लागतं. मधुमेह, कर्करोग, संधिवात, लकवा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. जाहिरातीत छापील पत्रक आलं, डबीवरचं लेबल आलं आणि भोंग्यावरून दिलेली घोषणाही आली.

आता नाही म्हणायचं कसं? आमच्या गटात आम्ही याची चक्क तालीम केली. एकीनं विकणारी व्हायचं, दुसरीनं गिऱ्हाईक. खूप हसलो, पण एक गोष्ट लक्षात आली. आपण नाही म्हणताना कारण देतो, आणि कारण दिलं की अडकतो. "पैसे नाहीत" म्हटलं की "हप्त्यानं द्या" येतं. "मालकांना विचारते" म्हटलं की "त्यांना फोन लावा" येतं. "घरी आहे" म्हटलं की "ते बनावट आहे" येतं. म्हणून कारणच द्यायचं नाही. "ताई, काम छान केलंस. सामान मी घेत नाही." तिनं पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं तर उठायचं. हे वाक्य खुर्चीत बसण्याआधी म्हणता आलं तर आणखी सोपं. "भुवयांचे किती? तेवढंच करायचंय, बाकी काही लावू नकोस." दर आधी ठरला की नंतर वाद राहत नाही. पैसे फोनवरून देत असाल तर फोन आपल्याच हातात ठेवा, रक्कम आपणच टाका. आणि "आजच्यापुरतीच सूट" असं कुणी म्हटलं की समजायचं, याला आपण घरी जाऊन विचार केलेला नकोय.

घेतलं आणि पस्तावलो, तरी सगळं संपत नाही. पण पावती लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. माल सदोष निघाला तर पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि काही लिहिलं नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेही त्यातच मोडतं. मात्र मन बदललं म्हणून चांगला माल परत घ्यायलाच हवा असं नाही, हे ध्यानात ठेवा. दारावर येऊन कंपनीचा माल विकणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२१ पासून थेट विक्रीचे नियम आहेत. आधी वेळ ठरवल्याशिवाय आणि ओळखपत्राशिवाय त्यांनी घरात यायचं नाही. माणसं जोडा आणि त्यांच्या भरतीवर पैसे कमवा, असल्या साखळी योजनांना त्याच नियमांत मनाई आहे.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीत बोलता येतं. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पार्लरचं काम हीसुद्धा पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, तिचीही तक्रार चालते. क्रीमबद्दल संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं जायचं.

मावशींच्या अर्जाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही त्यांना नाही म्हटलं नाही. फळ्यावर हिशोब मांडला. त्यांनी दिलेले २ हजार बाजूला ठेवून पूर्ण १८ हजारांचाच मांडला, कारण पुढं दुसरी कुणी आली तर तिलाही समजावं. दरमहा शेकडा २ रुपये व्याज, १० हप्ते. महिन्याला १,८०० मुद्दल, पहिल्या महिन्याला ३६० व्याज, पुढं दर महिन्याला ३६ रुपयांनी कमी. एकूण व्याज १,९८०. गादी पडली १९,९८० रुपयांना. लाडकी बहीणचे १,५०० दर महिन्याला आले, तरी ते सगळे देऊनही एकही हप्ता पुरा होत नाही. मावशी फळ्याकडं बघत राहिल्या. मग एका सुनेनं विचारलं, केंद्रावर जायला लागल्यापासून गुडघ्यावरून जिना चढता येतो का? मावशी म्हणाल्या, झोपते तोवर बरं वाटतं, घरी आले की तेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्यांच्यासोबत गेलो. एकटीला 'आई' म्हणणं सोपं असतं, चौघींना जड जातं. पैसे परत मिळणार नाहीत असं आधी सांगितलं. आम्ही पावती मागितली, ती दिलेली नव्हती. मग १९१५ लावायला फोन बाहेर काढला. दीड तास बसलो, कुणी पाणीही विचारलं नाही, पण १,५०० रुपये परत मिळाले. ५०० 'नोंदणी खर्च' म्हणून कापले, त्यासाठी भांडायचं की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. मावशी आता जिल्हा रुग्णालयात सांगितलेला मांडीचा व्यायाम करतात. रोज करत नाहीत, पण करतात.

आमच्या गटानं तेव्हापासून एक ठराव केला. २ हजारांवरची वस्तू कुणी विकायला आलं आणि त्यासाठी गटाचं कर्ज हवं असेल, तर अर्ज पुढच्याच बैठकीत घ्यायचा, त्याच दिवशी नाही. विकणाऱ्याला सरळ सांगता येतं, "आमच्या गटाचा नियम आहे." नाही म्हणणारी एकटी बाई राहत नाही. तुमच्या गटात असा ठराव झाला असेल, किंवा कुणी दांडी धरायला लावून चूर्ण विकून गेलं असेल, तर आम्हाला कळवा. आणि क्रीमची रिकामी डबी, खोका, पावती फेकू नका. पुढच्या महिन्याच्या बैठकीला घेऊन या, लेबलं मिळून वाचू.