चांगला चाकू म्हणजे काय?

मागच्या वेळी आपण 'चांगला' या शब्दापाशी थांबलो होतो. चांगला माणूस, चांगलं राज्य, चांगलं घड्याळ, या सगळ्यांत तो शब्द एकाच अर्थानं येतो का, असा प्रश्न होता. दोघातिघांनी कळवलं की, सर, हातात धरता येईल असं काही उदाहरण घ्या. म्हणून आज आम्ही खिशातला चाकू घेऊन आलो आहोत. हा बघा. घडीचा, दोन पात्यांचा, मूठ सांबरशिंगाची. आमच्या आजोबांचा. 'आजोबांचा आहे' म्हणायचं की 'होता' म्हणायचं, यावर आमच्या घरात वाद झाला. तो पुढे सांगू.

इंग्रजीत अशा छोट्या चाकूला 'पेन-नाइफ' म्हणतात, कारण तो पिसाची लेखणी तासायला वापरत. आपल्याकडे बोरू होता. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी प्राथमिक शाळेत बोरूनं कित्ता गिरवला आहे. बोरूचं टोक तिरकं छाटायचं, मध्ये बारीक चीर द्यायची. ते काम बोथट चाकूनं होत नाही, बोरू फुटतो. आजोबा कचेरीत कारकून होते. हा चाकू इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरात बनलेला. तिथले चाकू त्या काळी हिंदुस्थानात भरपूर विकले जात, आणि उलट दिशेनं आपल्याकडची सांबरशिंगं तिथे मुठींसाठी जात. म्हणजे हे शिंग कदाचित दोनदा समुद्र ओलांडून आलेलं आहे.

आमची मुलगी काही वर्षं शेफिल्डला होती, तेव्हा आम्हाला या चाकूंचा नाद लागला. तिथे केलहॅम आयलंड नावाचं संग्रहालय आहे. शेफिल्डमध्ये भाड्याच्या खोलीत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिराला 'लिट्ल मेस्टर' म्हणत. त्या परंपरेतले शेवटच्या काहींपैकी एक स्टॅन शॉ, २०२१ साली वारले. सत्तर वर्षांहून जास्त काळ त्यांनी हेच घडीचे चाकू केले. तिथल्या चाकू-कातऱ्या करणाऱ्यांची संघटना, म्हणजे कटलर्स कंपनी, १६२४ सालची. इतक्या जुन्या धंद्यात 'चांगलं काम' कशाला म्हणायचं हे ठरून गेलेलं असणार, असं आपल्याला वाटतं. पण संग्राहकांच्या गप्पा ऐका, निम्मा वेळ तक्रारींचा असतो.

त्या तक्रारी समजायला रचना समजली पाहिजे. या चाकूला खटका किंवा कुलूप नसतं. मुठीच्या पाठीला पोलादाची एक स्प्रिंग असते. पात्याच्या बुडाचा चौकोनी भाग त्या स्प्रिंगवर घासत फिरतो. अर्धवट उघडताना स्प्रिंग उचलली जाते, पातं पूर्ण उघडलं की ती सपाट बाजूवर बसते आणि 'टक्' असा आवाज येतो. बस्स. पातं जागेवर राहतं ते केवळ दाबामुळे. दोन्ही बाजूंना पितळेचे पत्रे, त्यांवर शिंग किंवा हाड किंवा लाकूड, आणि हे सगळं दोन-चार रिव्हेटांनी ठोकून एकत्र केलेलं. एकदा ठोकलं की स्क्रू काढून खोलता येत नाही. चूक राहिली तर राहिलीच.

आता दोष. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवलं तर हलतं. स्प्रिंग सुस्त असते, 'टक्' ऐकू येत नाही. मिटताना धार आत स्प्रिंगवर आपटते आणि तिथे बोथट होते. चाकू उजेडासमोर धरला तर स्प्रिंग आणि पत्रा यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसते. मिटलेलं पातं मधोमध न बसता एका बाजूला कलतं. नवा चाकू टपालानं आला की संग्राहक आधी खिडकीशी जातो. आम्हीही जातो.

पण हे सगळे दोष एका जातीचे नाहीत. पातं हलतं, धार आपटते, स्प्रिंग सुस्त आहे, यांत चाकूच्या कामालाच बाधा येते. सुस्त स्प्रिंगेचं पातं बोटावर मिटू शकतं. प्रकाशाच्या रेघेनं मात्र आंबा कापायला काही फरक पडत नाही. आणि कललेल्या पात्याची गंमत ऐका. एका स्प्रिंगवर दोन पाती शेजारी-शेजारी बसवायची असतील, तर कारागीर ती मुद्दाम किंचित वाकवतो, म्हणजे मिटताना एकमेकांना घासत नाहीत. नवशिका संग्राहक ते बघतो आणि 'वाकडं पातं आलं' म्हणून चाकू परत पाठवतो. सगळ्यात अवघड कसब त्याला दोष वाटतं! आम्हीही एकदा पाठवला होता. पुढे कळल्यावर लाज वाटली.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये पहिल्याच भागात सॉक्रेटिस नेमकं हेच उदाहरण घेतो. द्राक्षाची वेल कट्यारीनंही छाटता येईल, छिन्नीनंही, पण छाटणीसाठी बनवलेल्या कोयत्यासारखं काम दुसऱ्या कशानं होणार नाही. म्हणून ते त्याचं काम, आणि ते नीट करणं हा त्याचा गुण. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'मध्ये डेल्फीच्या एका चाकूचा उल्लेख करतो. अनेक कामांना एकच हत्यार, लोहारांची काटकसर; निसर्ग असला कंजूषपणा करत नाही, असं त्याचं म्हणणं. शेफिल्डच्या रॉजर्स कंपनीनं १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी पंचाहत्तर पाती आणि हत्यारं असलेला नॉरफोक चाकू केला होता. तो ॲरिस्टॉटलला दाखवायला हवा होता!

तर, काम हाच निकष मानला तर प्रकाशाच्या रेघेची तक्रार फोल ठरते. त्यातून संग्राहकाचा चाकू काही कापतच नाही. ज्याला कधी धार लावली नाही, ज्यानं सफरचंदसुद्धा पाहिलं नाही, त्याची किंमत जास्त. मग तो रेघेवरून का चिडतो? आम्हाला वाटतं, त्याचं चिडणं बरोबर आहे, फक्त कारण त्याला सांगता येत नाही. हातानं चाकू जोडण्याची रीत अशी: भाग तात्पुरते एकत्र करायचे, उजेडासमोर धरायचे, पुन्हा सुटे करायचे, कानस मारायची, पुन्हा धरायचे. ती रेघ म्हणजे एक फेरी गाळल्याची खूण. विक्रेता उत्तर देतो की हा हातानं केलेला आहे, थोडं इकडेतिकडे होणारच. हे उत्तर आम्हाला कधी पटलं नाही. हातकाम म्हणजे चुकण्याची सवलत नव्हे. चूक दिसल्यावर थांबून ती काढता येणं, हेच तर हाताचं यंत्राहून वेगळेपण. स्वस्त चाकूत फेरी गाळली असेल तर तो उघड सौदा आहे, तक्रार नाही. हातकामाचे पैसे घेऊन गाळली, तर ती फसवणूक.

आता घरातला वाद. आजोबांच्या चाकूची स्प्रिंग तुटली. आम्ही तो एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्यानं रिव्हेट काढून नवी स्प्रिंग बसवली. फार सुंदर बसवली, उजेडासमोर धरा, रेघ नाही. मग त्यानं प्रेमानं सगळा चाकू बफवर घासून आरशासारखा केला. पात्याच्या बुडाशी कोरलेलं कारखान्याचं नाव त्यात गेलं. धार लावून लावून पातं आधीच निमुळतं झालं होतं, ते आणखी बारीक झालं. पात्यावरचा काळपट निळा रंग, जो साध्या पोलादावर वर्षानुवर्षं फळं कापून चढतो, तोही गेला. पात्यावरचं नाव म्हणजे चाकूचा जन्मदाखला असतो. अमेरिकेतली केस कंपनी १९७० पासून नावाखाली दहा ठिपके देऊ लागली आणि दरवर्षी एक कमी करत गेली, त्यावरून साल कळतं. आमच्या चाकूचा तो दाखला पुसला गेला.

दादानं चाकू उघडला, मिटला, टक् ऐकलं. म्हणाला, "अरे, चाकू झकास झालाय. पण हा आजोबांचा नाही राहिला."

लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन विचारवंतानं १७९८ साली एका संग्रहाची खोटीखोटी यादी छापली होती. तिच्यात एक वस्तू होती: पातं नसलेला चाकू, ज्याची मूठही हरवली आहे. तुम्ही हसलात, आम्हीही हसलो होतो. पण दादाचा प्रश्न तोच. किती बदललं म्हणजे तोच राहत नाही?

आमचं म्हणणं असं की दादाचं निदान चुकलं. स्प्रिंग बदलल्यानं चाकू परका झाला नाही. आजोबांनी स्वतः ती बदलून घेतली असती, कारण त्यांना बोरू छाटायचा होता. परका झाला तो चकाकीनं. चकाकीची चाकूला गरज नव्हती, आजोबांना नव्हती, आम्हालाही नव्हती. आणि दोष दुरुस्तीवाल्याला देता येत नाही. "घासू नका" हे दोन शब्द आम्ही त्याला सांगितले नव्हते. त्याच्या हिशेबात चांगलं म्हणजे नव्यासारखं, आमच्या हिशेबात तसं नव्हतं, आणि हे आम्हाला चाकू परत आल्यावर कळलं.

दादा गेल्यापासून चाकू आमच्याकडे आहे. आम्ही त्यानं रोज फळं कापतो. पात्यावर पुन्हा काळपटपणा धरू लागला आहे.

जाता जाता, संग्रह करणाऱ्यांसाठी. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू इतरांबरोबर एका डब्यात ठेवू नका. ते सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या चांगल्या चाकूंची पाती गंजतात. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरते. शिंग आणि लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं, त्यामुळे उन्हाळ्यात फट दिसली म्हणून लगेच कारागिराला शिव्या देऊ नका. श्रावणात पुन्हा बघा.

ज्यांनी आपले चाकू आणले आहेत त्यांनी पुढे यावं. खिडकीजवळ उजेड चांगला आहे.