किती हलके फ्लायव्हील घाटाला झेपेल?

22 सप्टेंबर 2025 पासून सर्व वाहनभागांवर 18 टक्के असा एकच वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याआधी 28 टक्क्यांच्या टप्प्यात असलेली क्लचसारखी सामग्री त्या प्रमाणात स्वस्त झाली. मूळ किंमत 10,000 रुपये असलेला क्लचचा संच 12,800 ऐवजी 11,800 रुपयांना पडू लागला, हा हिशेब वाहनप्रेमींनी तेव्हाच करून ठेवला आहे. रांजणगावात तयार झालेली अबार्थ पुंटो किंवा चाकणची जुनी पोलो जीटी बाळगणाऱ्या हौशी मंडळींपुढे आता वेगळाच प्रश्न आहे. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तर त्याच खर्चात हलके फ्लायव्हीलही बसवून घ्यावे का, आणि घ्यायचे तर किती हलके, हा तो प्रश्न होय. 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत झळकलेल्या डीसी अवंतीसारखी दोन आसनी गाडी सामान्य खिशाबाहेरची असल्याने, परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे महाराष्ट्रात बहुधा अशी जोमदार इंजिनाची छोटी गाडीच असते.

या प्रश्नाचे उत्तर शर्यतीच्या मैदानाला अनुसरून दिले जाते, तेव्हा ते कराडच्या रस्त्यावर चुकते. कराडहून चिपळूणकडे निघालेल्या गाडीला कुंभार्ली घाट आणि पुण्याकडे निघालेल्या गाडीला खंबाटकी घाट लागतो. गळीत हंगामात रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याकडे आणि यशवंतनगरच्या सह्याद्री कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांमागून तिला पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकावे लागते. फ्लायव्हीलचे वजन ठरवताना हे घाट आणि या ट्रॉल्या इंजिनाच्या अश्वशक्तीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

जडपणाचे काम

फ्लायव्हील, म्हणजे मराठी तांत्रिक परिभाषेतील प्रचक्र, हे इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला घट्ट बसवलेले जड चाक असून, ते इंजिनाच्या प्रत्येक धक्क्यातील ऊर्जा साठवून पुढच्या धक्क्यापर्यंत पुरवीत राहते. सातारा-सांगलीच्या वाचकाला हे यंत्र नवे नाही. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत आणि गुऱ्हाळाच्या चरकावर चालणाऱ्या एका सिलिंडरच्या ऑइल इंजिनाला बाहेरून दिसणारी जी मोठी चाके असत, ती फ्लायव्हीलच होती. अशा चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये एकदाच इंधन पेटते आणि उरलेला सारा वेळ चाकाच्या जडत्वावरच निभावून न्यावा लागतो, म्हणून ते चाक अवजड करण्यावाचून गत्यंतर नव्हते. चार सिलिंडरच्या मोटारीत दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळत असल्याने तुलनेने हलके चाक पुरते, आणि कंपनीने त्यात ठेवलेले जास्तीचे वजन हे मुख्यतः नवशिक्या चालकाची सोय, शांत आयडलिंग आणि कंप शोषणे यांसाठी असते.

वजन घटवल्याने काय मिळते, हे समजण्यासाठी निरूढी परिबल ही संकल्पना लक्षात घ्यावी लागते. फिरणाऱ्या वस्तूचा वेग बदलण्यास होणारा विरोध म्हणजे निरूढी परिबल; ते केवळ वजनावर नव्हे, तर ते वजन केंद्रापासून किती दूर आहे त्या अंतराच्या वर्गावर ठरते. त्यामुळे 12 सेंटिमीटर त्रिज्येवरून काढलेला एक किलो हा 6 सेंटिमीटरवरून काढलेल्या चार किलोंच्या तोडीचा असतो, आणि जाहिरातीत फक्त वजन सांगून वजन कोठून काढले ते न सांगणारा विक्रेता अर्धीच माहिती देत असतो.

260 मिलिमीटर व्यासाचे 8 किलोंचे फ्लायव्हील काढून तशाच आकाराचे 5 किलोंचे बसवले आणि पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर 14.4, तर चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरली, तर वेग घेताना पहिल्या गिअरमध्ये गाडी सुमारे 58 किलोंनी, म्हणजे एका प्रवाशाइतकी हलकी झाल्यासारखी वागते. हाच लाभ दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे 18 किलोंवर आणि चौथ्या गिअरमध्ये अवघ्या 4 किलोंवर येतो. महामार्गावर मोकळा वेग घेणाऱ्याच्या पदरात यातून जवळपास काहीच पडत नाही. खरा फरक जाणवतो तो गिअर बदलताना, कारण इंजिनाचे फेरे चटकन चढतात आणि चटकन उतरतात, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर हाच गुण चालकाला हवा असतो.

घाट आणि उसाची ट्रॉली

या लाभाची किंमत चढावर मोजावी लागते. मिनिटाला 2,000 फेऱ्यांना वरील 8 किलोंच्या चाकात सुमारे 1,480 ज्यूल ऊर्जा साठते आणि 5 किलोंच्या चाकात सुमारे 930 ज्यूल. गाडी जागची हलवताना क्लच हीच शिल्लक प्रथम खर्च करतो, म्हणून हलक्या चाकाची गाडी घाटात थांबून पुन्हा निघताना बंद पडते, किंवा ती बंद पडू नये म्हणून चालक फेरे वाढवून क्लच अधिक वेळ घासू देतो. फ्लायव्हील हे उष्णतेचे कोठारही आहे, याचा विसर अशा वेळी महागात पडतो. 1,200 किलोंची गाडी 8 टक्के चढावर, म्हणजे 100 मीटर अंतरात 8 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, 15 ते 20 सेकंद हाफ क्लचवर धरून ठेवली, तर सुमारे 50 किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ती सारी फ्लायव्हीलमध्ये गेली असे धरल्यास 8 किलोंच्या चाकाचे सरासरी तापमान 13 ते 14 अंशांनी आणि 5 किलोंच्या चाकाचे 21 ते 22 अंशांनी वाढते. घर्षणाच्या पृष्ठभागावर ते क्षणभर याहून पुष्कळ जास्त असते. ट्रॉलीमागे दहा वेळा असे थांबावे लागले की हा फरक साचत जातो.

उतरवलेल्या फ्लायव्हीलचा चेहरा पाहिला की त्याचा सारा इतिहास कळतो. निरोगी पृष्ठभाग एकसारखा करडा आणि गुळगुळीत असतो. अतितापलेल्या चाकावर निळसर-जांभळे गोल डाग पडलेले असतात आणि त्या डागांतून केसाएवढ्या बारीक भेगा मध्यापासून कडेकडे धावताना दिसतात. निळे डाग पडलेली जागा कठीण होऊन क्लच प्लेटला असमान घासते, त्यामुळे गाडी निघताना थरथरते. भेगा पडलेले चाक मात्र पुन्हा वापरण्याचा विचारही करू नये.

बीड की पोलाद

परवडणाऱ्या पर्यायांत सर्वांत मोहाचा पर्याय म्हणजे गाडीचे मूळ फ्लायव्हील लेथवर चढवून पातळ करणे आणि त्याला छिद्रे पाडणे. धातुकामाचा वारसा असलेल्या या पट्ट्यात तो सहज सुचतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानातील माळरानावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घडवले, धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात 1922 मध्ये तोच उद्योग उभारला, आणि आज कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव भागांतील फाउंड्र्या वाहनांसाठीचे बिडाचे सुटे भाग ओततात. लेथ, टर्नर आणि धातूची जाण या तिन्ही गोष्टी हाताशी असल्या, तरी बिडाचे फ्लायव्हील पातळ करणे हे कौशल्य नसून धोका आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

260 मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कड 7,000 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 95 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 340 किलोमीटर वेगाने फिरते. कड्याच्या ढोबळ सूत्राने त्या वेगाला बिडात प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे 65 न्यूटन ताण येतो. एफजी 200 या प्रचलित प्रतीच्या बिडाची किमान ताणशक्ती 200 न्यूटन असते, त्यामुळे वरकरणी भरपूर अंतर शिल्लक दिसते. परंतु गोल छिद्राच्या काठावर ताण सुमारे तिप्पट होतो आणि 65 ची तिप्पट 195 भरते. कंपनीचे बिडाचे चाक वर्षानुवर्षे टिकते, कारण त्याची भरीव तबकडी ताण वाटून घेते आणि छिद्रांच्या जागा आराखड्यातच ठरलेल्या असतात. ते अंदाजाने पातळ केले, छिद्रे वाढवली आणि त्यात उष्णतेच्या भेगांची भर पडली, की सुरक्षिततेचे अंतर उरत नाही. शिवाय ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि बीड वाकून इशारा देत नाही, ते एकाएकी तुकडे होऊन उडते. ते तुकडे चालकाच्या पायांपासून फारसे दूर नसतात.

म्हणून हलके फ्लायव्हील घ्यायचे तर ते अखंड पोलादी गोळ्यातून कातलेले असावे. वर्कशॉपच्या बोलीत ज्यांना ईएन-8 आणि ईएन-19 म्हणतात, ती पोलादे योग्य उष्णतोपचारानंतर वरील बिडाच्या अडीच ते चार पट ताण सोसतात आणि तुटण्याआधी ताणली जातात. ग्राहकाला एक खूण स्वतः पाहता येते: लेथवर बीड कातताना काळा भुसभुशीत चुरा पडतो, तर पोलादाच्या लांब वेटोळ्या निघतात. अर्थात ही खूण पोलादाची प्रत सांगत नाही. त्यासाठी धातूचा चाचणी-दाखला मागावाच लागतो. आयात माल घेताना फ्लायव्हील आणि क्लचसाठीचे अमेरिकेतील एसएफआय संस्थेचे 1.1 क्रमांकाचे मानक पाहावे. पोलादी घर्षणपट्टी बसवलेले ॲल्युमिनियमचे चाक सर्वांत हलके असले, तरी आयडलिंग आणि चढ या दोन्ही कारणांनी ते घाटातल्या रोजच्या गाडीला योग्य नाही.

संतुलनावरही खर्च वाचवू नये. 12 सेंटिमीटर त्रिज्येवर अवघा 10 ग्रॅमचा फरक राहिला, तरी 6,000 फेऱ्यांना तो सुमारे 48 किलो वजनाइतक्या जोराने क्रँकशाफ्टला सेकंदाला शंभर वेळा ओढतो, आणि त्याचा पहिला बळी बेअरिंग ठरते.

क्लचची जोडी

क्लच किती टॉर्क, म्हणजे पीळ, सोसेल हे घर्षणपृष्ठांची संख्या, घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि सरासरी त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरते. दोन पृष्ठे, 0.3 घर्षणांक, 5,000 न्यूटन दाब आणि 10 सेंटिमीटर त्रिज्या धरली, तर उत्तर 300 न्यूटन-मीटर येते. 2015 मध्ये भारतात आलेल्या अबार्थ पुंटोचे इंजिन 212 न्यूटन-मीटर देते, म्हणजे अशा क्लचकडे सुमारे 40 टक्के राखीव ताकद उरते आणि रोजच्या वापराला ती पुष्कळ आहे. इंजिनाचे संगणकीय समायोजन बदलून टॉर्क 260 वर नेला, तर तीच राखीव ताकद 15 टक्क्यांवर येते आणि मगच अधिक दाबाच्या प्रेशर प्लेटचा विचार योग्य ठरतो; त्याची किंमत जड पेडलच्या रूपाने डाव्या पायाला चुकवावी लागते. सिरॅमिक किंवा तांबट धातूच्या तुकड्यांचे क्लच एकदम पकडतात, त्यांना हाफ क्लच जवळजवळ नसतोच, म्हणून उसाच्या ट्रॉलीमागे ते असह्य होतात. स्प्रिंग असलेल्या मध्यभागाची, सेंद्रिय अस्तराची क्लच प्लेट हीच कराडकराला उपयुक्त आहे. अशा क्लचसाठी फार दूर पाहावे लागत नाही, कारण पूर्वी सीके-डायकिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या एक्सेडी इंडियासारख्या उत्पादकाचे मूळ मराठवाड्यातच आहे.

मूळ गाडीत दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील आहे का, हे आधी तपासावे. लुक कंपनीने 1985 मध्ये मालिका-उत्पादनात आणलेल्या या रचनेत दोन चकत्यांमध्ये स्प्रिंगा असतात आणि त्या इंजिनाचे कंप गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू देत नाहीत. तिच्याऐवजी एकसंध चाक बसवले की आयडलिंगला गिअरबॉक्स खडखडतो, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. काही गाड्यांत क्रँकच्या सेन्सरसाठीचे दाते फ्लायव्हीलवरच असतात, ते नव्या चाकावर अचूक हवेत. तसेच फार हलक्या चाकामुळे फेऱ्यांत पडणारा चढउतार संगणकाला मिसफायर वाटून इशाऱ्याचा दिवा लागू शकतो.

एकूण खर्चाचा विचार करता सर्वांत महाग गोष्ट गिअरबॉक्स दोनदा उतरवणे ही आहे. म्हणून मूळ चाकाच्या वजनात साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश घट असलेले, दाखला आणि संतुलन असलेले पोलादी फ्लायव्हील, सेंद्रिय क्लच, नवे रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील हे सारे एकाच वेळी बसवून, पहिले 500 किलोमीटर शांतपणे चालवून प्लेट रुळू द्यावी, हाच खरा परवडणारा मार्ग आहे. करकपातीत वाचलेले पैसे आणखी एक किलो घटवण्यात न घालवता चाचणीच्या दाखल्यावर खर्च करावेत. किर्लोस्करवाडी ते शिरोली या पट्ट्यात ओतकाम आणि कातकाम यांची शंभर वर्षांची पुण्याई आहे आणि कराडमध्ये 1960 पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या दोघांनी हातात हात घालून प्रमाणित पोलादी फ्लायव्हील घडवले, तर येथील तरुणांना जुने बीड लेथवर चढवण्याचा मोह पडणार नाही, आणि कुंभार्ली चढणारी गाडी चपळही असेल व सुरक्षितही.