चेन लावणारे हात

जूनचा पहिला आठवडा. बालवाडीच्या दारात आईच्या ओढणीला लोंबकळत एक पोर टाहो फोडतंय आणि बाई आईला डोळ्यांनीच खुणावतायत: त्याची पाठ वळली की सटका. दहा मिनिटांत गप्प होईल, रोजचंच आहे. आणि होतंही गप्प! पण गप्प होणं म्हणजे शांत होणं का? या प्रश्नाच्या मागे लागलं की आपण थेट बॉम्ब पडत असलेल्या लंडनमध्ये जाऊन पोचतो.

जानेवारी १९४१. हॅम्पस्टेडमधल्या वेडरबर्न रोडवर, तेरा नंबरच्या घरात, अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी मैत्रिणींनी युद्धात विस्कटलेल्या घरांतल्या मुलांसाठी एक निवासी बालगृह उघडलं. वडील आघाडीवर, आई कामावर, घराच्या जागी विटांचा ढीग, अशी ही मुलं. अ‍ॅना म्हणजे सिग्मंड फ्रॉइडची धाकटी मुलगी. मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी ती व्हिएन्नात चक्क प्राथमिक शाळेत शिकवायची! १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून ती लंडनला आली. मुलं सांभाळायला मिळाल्या त्या बऱ्याचशा तरुण मुली, त्यांतल्या कित्येक तिच्यासारख्याच देशोधडीला लागलेल्या. स्वतःचं घर सुटलेल्या पोरींना घर सुटलेली पोरं सांभाळायला शिकवायचं होतं.

शिकवायचं कसं? व्याख्यानं होती, पण खरी गंमत होती पेन्सिलीत. दिसेल ते कागदावर उतरवायचं, हा तिथला नियम. तोही फक्त दायांना नाही, घरातल्या झाडून सगळ्या माणसांना! बॉयलर सांभाळायला जेम्स रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश तरुण होता. त्यालाही तो लागू. मूल ‘हट्टी आहे’ असं लिहून भागत नसे. त्यानं नेमकं काय केलं, कधी केलं, तेव्हा दारातून कोण बाहेर गेलं, हे हवं. सोपं वाटतं ना? घरच्याच एखाद्या पोराबद्दल चार वाक्यं अशी लिहून बघा. दुसऱ्याच वाक्यात आपलं मत डोकावतं.

अशा नोंदींतूनच एक तीन वर्षांचा मुलगा आपल्यापर्यंत पोचलाय. आईनं निघताना त्याला बजावलं होतं, शहाण्यासारखा राहा, रडलास तर मी भेटायला येणार नाही. पोरगं रडलं नाही. दिवसभर मान हलवत जो भेटेल त्याला सांगत राहिलं, की आई येणार, मला कोट घालणार, घरी नेणार. मग त्यात कोटाची चेन आली, टोकदार टोपी आली. सारखं तेच ते ऐकून कुणीतरी म्हणालं, पुरे आता. तेव्हा त्यानं शब्द सोडले आणि खुणा धरल्या: हातानं टोपी चढवायची, कोट घालायचा, चेन वर ओढायची. पुढे पुढे खुणाही आक्रसल्या, नुसती बोटं हलायची. बाकीची मुलं खेळत असताना हा कोपऱ्यात उभा राहून ओठ आणि बोटं हलवत असे.

लांबून बघणाऱ्याला काय दिसलं असतं? एक गुणी, शांत मूल. फार तर ‘बोटांना चाळा लागलाय’. पण ज्यानं पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलंय, त्याला त्या हवेत हलणाऱ्या बोटांत अख्खी आई दिसते!

आणखी एक गोष्ट नोंदींतून वर आली आणि ती ऐकून भले भले चकित झाले. बॉम्बवर्षाव आईच्या कुशीत काढलेली मुलं बरीचशी सावरलेली होती. उलट बॉम्बपासून वाचवायचं म्हणून आईपासून दूर पाठवलेली मुलं जास्त कोलमडली होती. म्हणजे लहान मुलाच्या हिशेबात कोसळलेल्या भिंतीपेक्षा निघून गेलेली आई मोठी!

असं का, याचा उलगडा व्हायला काही दशकं जावी लागली. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर बसलेल्या राखणदारासारखा. पान हललं की आरोळी! त्याला समजावणारा, ‘अरे, वारा आहे’ म्हणणारा कपाळामागचा मेंदू पूर्ण तयार व्हायला विशी उलटते. मग तीन वर्षांच्या मुलाच्या राखणदाराला कोण आवरतं? जवळचं माणूस. मिनेसोटाच्या मेगन गनर यांनी बुजऱ्या लहानग्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं रसायन, मोजलं. अनोळखी, धास्तावणारं काही समोर आलं की ही मुलं बिचकत, पण भरवशाची आई जवळ असली तर कॉर्टिसॉल चढत नसे. चेहरा घाबरलेला आणि आत मात्र सगळं थाऱ्यावर. मूल मोठ्या माणसाची शांतता अक्षरशः उसनी घेतं.

हॅम्पस्टेडमध्ये लाळ कुणी मोजली नव्हती, तरी त्यांनी नेमकी तीच नस पकडली. सगळ्यांनी मिळून सगळ्यांना सांभाळायची पद्धत मोडून त्यांनी साधारण चार-चार मुलांची छोटी ‘कुटुंबं’ केली आणि एकेका कुटुंबाला एक तरुणी दिली, तीही मुलांचा ओढा बघून. आठवड्याभरात घरटी पक्की झाली आणि घरात नुसता कल्लोळ! ‘माझी बाई’ म्हणून ओढाताण, मत्सर, ती खोलीबाहेर गेली की आकांत. कुणीही म्हणालं असतं, होतं तेच बरं होतं. पण त्यांनी धीर धरला. वादळ ओसरलं आणि महिनोन्‌महिने अडलेल्या गोष्टी सुटल्या: मुलं जास्त बोलू लागली, चड्डी ओली होणं कमी झालं. रडणं परत येणं हीच सुधारणा होती!

आजच्या प्रशिक्षणात शब्द नवे असतील, पण बाईंना शिकवतात ते हेच: आधी आपला श्वास खाली आणा, मग मुलाकडे जा; उद्या काय होणार ते आजच सांगा; आईनं निरोप घेऊनच जावं, पळून नव्हे. याचं मोल जाणायचं असेल तर तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या वॉल्टर गिलियम यांचे २००५ चे आकडे बघा. अमेरिकेत तीन-चार वर्षांची मुलं बालवाडीतून काढून टाकली जात होती, आणि तीही बारावीपर्यंतच्या शाळांच्या तिपटीहून जास्त प्रमाणात. चार वर्षांच्या मुलाला शाळेतून काढून टाकायचं! पण जिथे मुलांच्या मनाचा जाणकार नेमानं वर्गात येऊन बाईंच्या सोबतीला बसे, तिथे हे प्रमाण जवळपास निम्मं होतं.

आणि तो बॉयलरवाला? त्याची नोंदींची सवय सुटली नाही. युद्धानंतर तो इस्पितळांत एकटी ठेवलेली मुलं बघत फिरू लागला. तेव्हा आईबापांना भेटायची वेळ मोजून-मापून मिळे, आणि डॉक्टर म्हणत, मुलं छान रुळतात. त्यानं छोटा कॅमेरा घेतला आणि इस्पितळातल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर फिल्म केली. १९५२ मध्ये ती डॉक्टरांना दाखवली. ते खवळले. रडण्याचे तेवढे क्षण निवडून दाखवले असं म्हणायची मात्र सोय नव्हती. त्यानं रोज ठरलेल्या वेळीच कॅमेरा चालवला होता आणि प्रत्येक वेळी वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ चित्रात येईल अशी तजवीज केली होती.